मंजुरी ४ लाखांची, कोटेशन ४ लाख ४८ हजारांचं: रिसर्च ग्रँटचे पैसे नक्की कसे खर्चायचे?

पिपेटवाला (नागपूर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी इथल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. केंद्राच्या एका संस्थेची ग्रँट मिळाली आहे, विषय सिकलसेल, हा आनुवंशिक रक्तविकार. रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूच्या गावांत शिबिरं घेतो. सॉल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे प्राथमिक तपासणी, तिथंच होते, पॉझिटिव्ह निघाले त्यांचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये इथं आणून एचपीएलसी ही खात्रीची तपासणी करतो. ते काम छान चालू आहे. हिशेबानं मात्र डोकं खाल्लं आहे.

बजेटमधल्या उपकरणांच्या शीर्षात (खर्चाच्या गटात) उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरसाठी ४ लाख मंजूर आहेत. बजेट करताना विभागातल्या जुन्या प्रोजेक्टचा नमुना समोर होता, त्यात जीएसटी ५ टक्के धरलेला. आता कोटेशन आलं ३ लाख ८० हजार अधिक १८ टक्के, म्हणजे ४ लाख ४८ हजार ४००. वरचे ४८ हजार ४०० आणू कुठून? आमच्या लेखा विभागातल्या एकांचा सल्ला असा: फ्रीझरचं बिल बरोबर ४ लाखांचं घ्या, उरलेल्याचं त्याच डीलरकडून 'केमिकल्स'चं बिल घ्या, कन्झ्युमेबल्समध्ये पैसे पडूनच आहेत. शिवाय ३१ मार्चच्या आत पूर्ण पैसे देऊन टाका, फ्रीझर मे महिन्यात आला तरी चालतो, सगळे असंच करतात.

दुसरं, ग्रँट कॉलेजच्या सेव्हिंग खात्यात आहे, त्यावर व्याज जमलं आहे. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात त्यातून विभागाला प्रिंटर घेऊ.

तिसरं, शिबिरातून पुढच्या तपासणीला नागपूरला येणाऱ्यांना बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं मिळून ३०० रुपये देतो. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे. लेखा विभाग म्हणतो प्रत्येकाचं नाव, आधारची झेरॉक्स आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही आणा, नाहीतर बिल पास होणार नाही.

जाणकारांनी सांगावं. घाई आहे, फेब्रुवारी लागला.

उणे८०

मी केंद्रीय संस्थेत आहे, मिहानकडे. आमच्याकडे हा विषय बराच सोपा झाला. जून २०२५ मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीच्या मर्यादा वाढवल्या. विनाकोटेशन खरेदी १ लाखावरून २ लाखांवर गेली, खरेदी समितीची मर्यादा १० लाखांवरून २५ लाखांवर. संशोधनाची उपकरणं सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलच्या बाहेरून घ्यायची मुभाही संस्थाप्रमुख देऊ शकतात. समिती बसवा, बाजारभाव बघा, ऑर्डर द्या.

व्याजाचा प्रश्न आमच्या नव्या प्रोजेक्टांत येतच नाही. पैसे खात्यात येत नाहीत, खर्चाची मर्यादा येते. बिल टाकलं की तेवढेच पैसे निघतात. ३१ मार्चला उरलेली मर्यादा आपोआप जाते, पुढच्या वर्षी पुन्हा मागायची.

संत्रानगरी

"सगळे असंच करतात" हे वाक्य ऑडिटवाल्यांसमोर म्हणून बघा एकदा. चहा पाजतील.

लेखाशीर्ष

डॉक्टरसाहेब, मी सरकारी मेडिकल कॉलेजच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेली बाई आहे, त्रिमूर्तीनगरात राहते. नोकरीची शेवटची वर्षं प्रोजेक्ट टेबलावर गेली. म्हणून जरा लांब लिहिते. वाचा सावकाश.

आधी उणे८० यांच्या सल्ल्याबद्दल. त्यांनी सांगितलेलं त्यांच्यासाठी खरं आहे. तुमच्यासाठी जसंच्या तसं नाही. त्यांची संस्था केंद्राची, तुमचं कॉलेज राज्याचं. पैसा दिल्लीचा असला तरी खरेदी तुमच्या डीनच्या सहीनं होते, आणि डीन बांधलेले आहेत राज्याच्या खरेदी धोरणाला, म्हणजे उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाला आणि त्यात पुढे झालेल्या सुधारणांना. मंजुरीपत्राच्या मागं अटी छापलेल्या असतात. त्यात 'संस्थेचे खरेदी नियम पाळावेत' असं असलं तर राज्याचे नियम, 'जीएफआर पाळावे' असं असलं तर केंद्राचे सामान्य वित्तीय नियम. पहिलं पान सगळे लॅमिनेट करून ठेवतात, मागची पानं कोणी वाचत नाही. ती तुम्ही आज रात्री वाचा.

आता मुख्य गोष्ट. फ्रीझरचे ४८ हजार केमिकल्समध्ये दाखवायचे, हे करू नका. हा शीर्ष बदलण्याचा प्रकार नाही, हे खोटं बिल आहे. आणि हे पकडायला कोणी शेरलॉक लागत नाही. ऑडिटवाला फ्रीझरचं कोटेशन बघतो, ४ लाख ४८ हजार. बिल बघतो, ४ लाख. मग त्याच डीलरचं, त्याच आठवड्यातलं ४८ हजार ४०० चं केमिकल्सचं बिल बघतो. बेरीज करायला त्याला कॅल्क्युलेटर लागत नाही. मग तो स्टोअरला विचारतो, ही केमिकल्स कोणत्या पानावर घेतली, कोणाला दिली, शिल्लक दाखवा. तुम्ही काय दाखवाल, फ्रीझर?

ऑडिटच्या शंकांचा हाफ मार्जिन मेमो येतो तेव्हा त्यावर उत्तर द्यायला तुमचं नाव असतं. तो सल्ला देणारा तोवर बदली होऊन गोंदियाला गेलेला असतो.

जीएसटीचं काय झालं तेही सांगते, कारण हा घोळ नुसता तुमच्याकडे नाही. सरकारी संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के दराची सवलत नोव्हेंबर २०१७ पासून होती. ती १८ जुलै २०२२ पासून काढून घेतली. पण विभागांतले जुने बजेटचे नमुने तसेच फिरून राहिले आहेत, एकाच्या पेनड्राइव्हवरून दुसऱ्याच्या. ३ लाख ८० हजारांवर ५ टक्के धरले की ३ लाख ९९ हजार होतात, म्हणून ते ४ लाखांत चपखल बसलं होतं.

यातून सरळ वाटा दोन. एक, कमी लिटरचा फ्रीझर घ्या. ४ लाखांत १८ टक्के बसवायचे तर मूळ किंमत ३ लाख ३८ हजार ९०० च्या आसपास पाहिजे. तुमच्या ट्यूबा किती, अलिकॉट (नमुन्याचे छोटे भाग) किती, ते मोजा. पुष्कळदा मोठा फ्रीझर मागवतात आणि अर्ध्यात विभागाचे जुने डबे ठेवतात. स्टॅबिलायझरची किंमत मात्र त्यातच धरा. नागपूरचा मे महिना आहे, ४५ अंशांत व्होल्टेज नाचलं की कॉम्प्रेसर पहिला जातो.

दुसरी वाट, शीर्षबदलाची परवानगी. तुमच्या कन्झ्युमेबल्समध्ये पैसे उरले म्हणता, ते काहून उरले याला कारण आहे का बघा. डायग्नोस्टिक किट आणि रिएजंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. एचपीएलसीच्या रिएजंटच्या बिलांवर एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) ३८२२ असेल तर तुमची बचत खरी आहे, कागदावर दाखवता येते. लिहा की रिएजंटचा कर कमी झाला म्हणून एवढे वाचले, फ्रीझरचा कर बजेटपेक्षा जास्त लागतो म्हणून एवढे कमी पडले, कामाच्या उद्दिष्टांत बदल नाही. असं कारण असलेलं पत्र मी तरी नाकारलेलं फारसं पाहिलं नाही. पण परवानगी येईपर्यंत ऑर्डर द्यायची नाही. सर्वसाधारण शीर्षातून (कन्झ्युमेबल्स) भांडवली शीर्षात (उपकरणं) पैसे नेणं हे पीआयच्या, म्हणजे तुमच्यासारख्या प्रोजेक्टप्रमुखाच्या, हातात नाही, डीनच्याही नाही. केंद्राच्या हिशेबात ही वेगळी खाती आहेत: ३१ सर्वसाधारण, ३५ भांडवली मालमत्ता, ३६ पगार. एका खात्यातलं दुसऱ्यात घालायचं तर देणाऱ्यालाच विचारावं लागतं.

मार्चचं. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. जीएफआर २०१७ च्या नियम १७२ मध्ये खासगी पुरवठादाराला जास्तीत जास्त ३० टक्के आगाऊ देता येतात, तेही बँक गॅरंटी घेऊन. आणि दिलेला अ‍ॅडव्हान्स हा यूसीमध्ये (उपयोगिता प्रमाणपत्रात) खर्च म्हणून दाखवता येत नाही, तो अ‍ॅडव्हान्स म्हणूनच दाखवायचा. नियम ६२ मध्ये तर स्पष्ट लिहिलं आहे की वर्षअखेरीची खर्चाची घाई ही वित्तीय शिस्तीचा भंग समजावी. मार्चमध्ये दरवर्षी मी हा नियम वाचायची आणि समोर बिलांचा गठ्ठा असायचा, ते सोडा.

माल नाही आला तर पैसे खर्च झालेले नाहीत, एवढं धरून चला. 'मार्चअखेर शिल्लक, ऑर्डर दिलेली आहे' असं लिहून ती शिल्लक पुढं न्यायची मागणी करता येते. बहुतेक संस्था ती देतात.

व्याज: नियम २३०, पोटनियम ८. अनुदानावरचं व्याज हिशेब पूर्ण झाल्यावर केंद्राच्या तिजोरीत भरायचं, भारतकोश पोर्टलवरून. पावती यूसीला जोडायची. तुमच्या एचओडींना प्रिंटर पाहिजे असेल तर विभागाच्या आकस्मिक खर्चातून घ्या. ते व्याज ना तुमचं, ना कॉलेजचं.

तिसऱ्या प्रश्नावर उद्या लिहिते. त्याला वेळ पाहिजे.

मेडिकल चौक सर्जिकल

आम्ही विकणारे. ताईंनी सांगितलं ते बरोबरच, आमच्या बाजूनं एक भर. "मार्चचं बिल फाडा, माल मे मध्ये द्या" असं दरवर्षी चार कॉलेजं तरी सांगतात. पूर्वी चालायचं. आता चार लाखांच्या मालाला ई-वे बिल लागतं, त्यावर गाडीचा नंबर आणि तारीख येते. मार्चचं इन्व्हॉइस आणि मे महिन्याचं ई-वे बिल शेजारी ठेवलं की झालं. शिवाय वॉरंटीचं बघा. काही कंपन्या ती इन्व्हॉइसच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे फ्रीझर खोक्यात असताना तुमची वॉरंटी दोन महिने संपलेली. ऑर्डरमध्ये 'वॉरंटी इन्स्टॉलेशनच्या तारखेपासून' हे लिहूनच घ्या, आम्ही देतो.

आणि फ्रीझरच्या पैशाचं केमिकल्सच्या नावानं बिल कोणताही शहाणा डीलर देणार नाही. आमच्याही रिटर्नमध्ये एचएसएन जातो ना भाऊ.

पिपेटवाला

ताई, फार आभार. मागची पानं वाचली. 'संस्थेचे खरेदी नियम' असंच आहे. आणखी एक निघालं: गाडीसाठी मंजूर रक्कम 'प्रवास' या शीर्षात आहे, पण आम्ही गावातल्याच एकाची खासगी गाडी लावतो, पांढऱ्या पाटीची. बिल देत नाही, डायरीत लिहून सही देतो. देवलापारच्या पुढे टॅक्सीवाले यायला मागत नाहीत.

लेखाशीर्ष

गाडीचं आधी संपवते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेता येत नाही, परिवहनच्या नियमांतच ते बसत नाही, आणि उद्या अपघात झाला तर तुमच्या फील्डवर्करचा विमाही अडकेल. रामटेक किंवा मनसरहून पिवळ्या पाटीची गाडी महिन्याच्या करारानं लावा. कोटेशन घ्या, लॉगबुक ठेवा. लॉगबुकात किलोमीटरचे आकडे खरे टाका. मी एका प्रोजेक्टचं लॉगबुक पाहिलं होतं, प्रत्येक फेरी बरोबर १५० किलोमीटर, जाऊन-येऊन, वर्षभर. पावसाळ्यात नदीला पूर आला तरी १५०. ऑडिटवाल्यानं काही लिहिलं नाही, नुसती प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं बारीक टिक केली आणि वही परत दिली. पीआयचा चेहरा मला अजून दिसतो.

आता ३०० रुपयांचं. इथं तुमचा लेखा विभाग चूक आहे आणि तुम्ही अडून बसलं पाहिजे.

रेव्हेन्यू स्टॅम्प ५ हजारांवरच्या पावतीला लागतो, ३०० ला नाही. तो विषय मिटला. नावाचा विषय मोठा आहे. सिकलसेलची यादी म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, पण लेखा शाखेत बसलेल्याला ती नुसती पेमेंटची यादी वाटते. त्या टेबलावर दिवसभर माणसांची ये-जा असते. शिपाई, ठेकेदार, पगाराची चौकशी करायला आलेले लोक. त्यातला एखादा त्याच गावचा निघतो. अमक्याच्या मुलीचं नाव 'सिकलसेल प्रोजेक्ट, पुढील तपासणी' अशा मथळ्याखाली वाचतो, आणि मुलगी लग्नाची असते. आमच्या शाखेत मी असे कागद उघडे पडलेले पाहिले आहेत, वर चहाचा कप.

म्हणून असं करायचं. पेमेंट शीटवर नाव नाही, प्रोजेक्टनं दिलेला सहभागी क्रमांक. पुढं तारीख, रक्कम, सही किंवा अंगठा, आणि पैसे देताना हजर असलेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याची सही. हा दुसरा कर्मचारी प्रोजेक्टबाहेरचा असला तर उत्तम, आरोग्य केंद्रातली सिस्टर चालते. सह्यांवरून नाव वाचता येत असेल तर सह्यांचं मूळ शीटही तुमच्याकडेच ठेवा. लेखा शाखेला द्या तुमचं प्रमाणपत्र: अमुक तारखेला इतक्या सहभागींना प्रत्येकी ३०० प्रमाणे दिले, मूळ नोंदी पीआयकडे कुलपात आहेत, ऑडिटला मागितल्यास पीआयच्या समोर दाखवल्या जातील. क्रमांक आणि नावं जोडणारी वही वेगळ्या कपाटात. सोबत एथिक्स कमिटीच्या मंजुरीपत्राची प्रत, त्यात रक्कम लिहिलेली पाहिजे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सहभागींना प्रवास आणि बुडालेली मजुरी देता येते असं आहे. एथिक्स कमिटीनं बघायचं ते इतकंच की रक्कम आमिष वाटावी एवढी मोठी नको. गोपनीयतेची जबाबदारीही त्याच तत्त्वांत आहे, तो भाग पिवळ्या मार्करनं रंगवून लेखा शाखेला द्या.

आधारची झेरॉक्स अजिबात नको. ती कोणत्या नियमात मागितली आहे, लेखी विचारा. लेखी विचारलं की बहुतेक मागण्या विरतात.

आणि हे पैसे स्वतःच्या खिशातून देऊन नंतर परतावा मागू नका. डीनकडून शिबिरापुरता अ‍ॅडव्हान्स घ्या, आल्यावर हिशेब द्या, उरलेली रोकड परत भरा. पुढचा अ‍ॅडव्हान्स मागचा मिटल्याशिवाय मिळत नाही, ते लक्षात ठेवून शिबिरांच्या तारखा लावा.

रामदासपेठ_ट्रायल

मी खासगी रुग्णालयात परदेशी ग्रँटवर समन्वयक आहे. ताईंचं वाचून वाटलं तुमचं बरं आहे. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशात शीर्षबदलाला जागा बरीच असते. एका शीर्षातला फरक एकूण मंजूर रकमेच्या २५ टक्क्यांपुढे गेला तरच तो मोठा बदल धरतात. पण पैसे भारतात यायचे तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचा कायदा. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा, आणि आलेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही. म्हणजे तिकडून सूट आणि इकडून गाठ. त्याआधी आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी.

संत्रानगरी

उणे८०, तुम्ही कुठं गेले? मर्यादा सांगून पळाले.

उणे८०

इथंच आहे. राज्याच्या कॉलेजचा मुद्दा मान्य. आमच्याकडे एकच अडचण आहे जी ताईंना विचारायची होती. पर्चेस लवकर झाली पण डेडस्टॉकवर (टिकाऊ मालाच्या नोंदवहीत) घ्यायला कोणी तयार नाही. स्टोअर म्हणतं प्रोजेक्टचं आहे, प्रोजेक्ट म्हणतं संस्थेचं आहे.

लेखाशीर्ष

संस्थेच्या डेडस्टॉकवर घ्यायचं, शेऱ्यात प्रोजेक्ट क्रमांक आणि मंजुरीपत्राची तारीख. उपकरणावर तोच क्रमांक ऑइल पेंटनं, स्टिकर दोन उन्हाळ्यांत गळतं. अनुदानातून घेतलेली मालमत्ता देणाऱ्या संस्थेच्या परवानगीशिवाय विकता, निर्लेखित करता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही, म्हणून वेगळी ओळख पाहिजे. नोंद झाल्याशिवाय बिलावर 'डेडस्टॉक पान क्रमांक' येत नाही, आणि तो नसला तर मी बिल परत पाठवायची. स्टोअरकीपर मला शिव्या देत असेल, देऊ द्या.

पिपेटवाला

एचओडींशी बोललो. प्रिंटरचं नाव निघालं नाही पुन्हा. रिएजंटची बिलं काढली, एचएसएन ३८२२ च आहे, सप्टेंबरनंतरच्या बिलांत ५ टक्के लागले आहेत. बचत दिसते, पण ४८ हजारांइतकी नाही, साधारण निम्मी. बाकीचं कसं दाखवू? आणि पत्र कोणाच्या सहीनं?

लेखाशीर्ष

निम्मीच असेल तर निम्मीच दाखवा. राहिलेल्यासाठी डीलरकडून थोडं कमी लिटरच्या मॉडेलचं दुसरं कोटेशन घ्या, दोन्ही जोडा, आणि जेवढी परवानगी मागता तेवढ्यात बसणारं मॉडेल पत्रातच लिहा. पत्र तुमचं, 'संस्थाप्रमुखांमार्फत', डीनची सही आणि शिक्का. आजपर्यंतच्या खर्चाचं विवरण जोडा, नाहीतर तिकडून पहिलं उत्तर 'विवरण पाठवा' एवढंच येईल आणि त्यात महिना जाईल. ईमेल करा आणि स्पीड पोस्टही करा.

प्रोजेक्टची मुदत कधी संपते ते तुम्ही लिहिलं नाही. सहा महिन्यांच्या आत संपत असेल तर त्याच लिफाफ्यात विनाखर्च मुदतवाढीचा अर्जही टाका, पण वेगळ्या पत्रावर. एका पत्रात दोन मागण्या घातल्या की फाइल दोन टेबलांच्या मध्ये बसते. आणि कोटेशनची व्हॅलिडिटी बघा, ९० दिवसांची असेल तर मेडिकल चौकवाल्यांकडून आत्ताच लेखी वाढवून घ्या.

मेडिकल चौक सर्जिकल

ते माझं कोटेशन आहे की नाही माहीत नाही, पण असेल तर पाठवा, वाढवून देतो. दर तोच.